सोलापूरच्या शेतीसाठी जीपगाडीची निवड

सोलापूर जिल्ह्यातील बागायतदारांत जीपच्या जातीचे, चारही चाकांना ओढ असणारे वाहन घेण्याची प्रवृत्ती वाढत आहे. डाळिंबाच्या पेट्या हलविणे, खताची व बियाण्याची पोती रानापर्यंत नेणे, मजुरांची ने-आण करणे, पाण्याची टाकी ओढून नेणे अशी अनेक कामे एकाच वाहनाकडून व्हावीत, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु वाहनाची निवड पुष्कळदा त्याचा रुबाब, शेजाऱ्याची गाडी किंवा विक्रेत्याचे बोलणे यांवरून होते. कर्ज मात्र शेतीच्या उत्पन्नातून फेडावे लागते. म्हणून बैल विकत घेताना शेतकरी ज्या चिकित्सेने दात, खूर व चाल पाहतो, तीच चिकित्सा येथेही करावयास हवी.

जीपचा पूर्वेतिहास

जीप हे मूळचे लष्करी वाहन. दुसऱ्या महायुद्धात ते जगभर पोहोचले आणि युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी गाड्या भारतात नागरी वापरात आल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमास आरंभ झाला आणि विकास गटाची जीप खेडोपाडी दिसू लागली. जेथे मोटार कधी गेली नव्हती, तेथे ती बियाणे, औषधे व सल्ला घेऊन गेली.

याच गाडीचा दुसरा उपयोग शिकारीचा होता. सोलापूरचे माळ सपाट व उघडे असल्याने गाडी कोठूनही हाकता येई. रात्री प्रखर दिव्याचा झोत डोळ्यांवर पडला की हरिण जागीच थबके. पायी चालणाऱ्या शिकाऱ्याला जे जनावर दिवसभर हुलकावणी देई, ते गाडीतून काही मिनिटांत हाती लागे. या दोन उपयोगांपैकी पहिला वाढला. दुसरा कायद्याने बंद झाला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रथम जमीन पाहावी

वाहन निवडण्यापूर्वी ते कोणत्या जमिनीवर चालणार, हे ठरविणे अगत्याचे आहे. जिल्ह्याच्या वार्षिक पावसाची सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील मोठा भाग सप्टेंबर महिन्यात पडतो. वर्षातील बहुतेक दिवस जमीन कोरडी असते. जमिनीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार भारी काळ्या जमिनीचा. भीमा व सीना यांच्या खोऱ्यांत आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात ही जमीन खोल आढळते. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. कोरडी असताना ती टणक असते व तिच्यावर कोणतेही वाहन चालते. भिजल्यावर ती चाकास लपेटते आणि खाली कठीण थर हाताशी नसल्याने चाक रुततच जाते.

दुसरा प्रकार मध्यम जमिनीचा. येथे वरचा थर निसरडा झाला तरी दीड-दोन फुटांखाली मुरूम लागतो. अशा जमिनीत अरुंद टायर चिखल कापून मुरमापर्यंत पोहोचतो आणि चाकास आधार मिळतो.

तिसरा प्रकार हलक्या मुरमाड जमिनीचा. सांगोला व माळशिरस तालुक्यांच्या बऱ्याच भागांत अशी जमीन आहे. पाऊस उघडल्यावर ती लवकर निचरते. येथे अडचण येते ती चिखलापेक्षा दगडधोंडे, ओढ्यांचे उतार व मोकळी वाळू यांची.

एकाच शेतकऱ्याची जमीन दोन-तीन प्रकारांची असू शकते. घरापासून रानापर्यंतच्या वाटेवर सर्वांत वाईट जागा कोणती व ती वर्षातून किती दिवस वाईट असते, हे कागदावर मांडावे. निवडीचा अर्धा निर्णय तेथेच होतो.

वाहनासही वापसा लागतो

वापसा आल्याशिवाय शेतकरी पाभर धरीत नाही. ओल्या रानात औत घातले तर ढेकळे निघतात आणि माती दाबली जाते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. हाच नियम वाहनास लावावयास हवा. ओल्या मातीतील पोकळ्या चाकाच्या भाराने मिटतात; हवा व पाणी यांचा मार्ग खुंटतो आणि मुळे खाली जाऊ शकत नाहीत. वरच्या थरावरील दाब मुख्यतः टायरातील हवेच्या दाबावर अवलंबून असतो, तर खोलवर जाणारा दाब आसावर येणाऱ्या एकूण भारावर अवलंबून असतो. टायर रुंद केल्याने वरचे नुकसान कमी होते. परंतु अवजड वाहनाने खालच्या थरात केलेले नुकसान त्याने टळत नाही. नांगराच्या पात्याखाली घट्ट झालेला थर मोकळा करणे खर्चाचे असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माती दाबली जाण्याचे बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होते. म्हणून प्रत्येक वेळी नवी वाट पाडण्यापेक्षा ठरलेल्या एकाच चाकोरीने जावे. सबंध रान थोडे थोडे बिघडविण्यापेक्षा दोन पट्टे राखून ठेवणे परवडते.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. जमिनीत ओल साठविण्याचा व पेरणीचा हाच काळ असतो आणि गाडी रुतण्याचाही हाच. त्या दिवसांत भारी रानात गाडी घालणाऱ्याचे वाहन कितीही बलवान असले, तरी तो आपल्याच पिकाच्या मुळांवर चाक फिरवीत असतो.

चारही चाकांची ओढ: तिचे कार्य व मर्यादा

साध्या वाहनात इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. त्यातील एक चाक घसरू लागले की डिफरन्शियलच्या रचनेमुळे शक्ती त्या घसरणाऱ्या चाकाकडे वाया जाते आणि पकड असलेले चाक स्वस्थ राहते. चारही चाकांना ओढ दिली की पुढची चाकेही गाडी खेचू लागतात. चढाच्या ओढ्यात, वाळूत व पातळ चिखलात याचा चांगला उपयोग होतो. तथापि पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके अधांतरी झाली, तर डिफरन्शियल लॉक नसलेली चौचाकी ओढीची गाडीही थांबते. खडकाळ ओढे नित्य ओलांडावे लागत असतील, तर मागच्या आसास लॉक असलेली गाडी पाहावी.

मंद गतीचा वेगळा गिअर हा अशा गाडीचा दुसरा महत्त्वाचा गुण होय. त्याने वेग घटतो व चाकाची ओढ वाढते. भरलेली ट्रॉली चढावरून ओढताना किंवा तीव्र उतारावरून सावकाश उतरताना याच गिअरचे काम पडते. बाहेरून जीपसारख्या दिसणाऱ्या सर्वच गाड्यांत ही सोय नसते. चौचाकी ओढही काहींतच असते. विक्रेत्याकडून हे लेखी समजून घ्यावे व चालवून पाहावे.

ज्या गाड्यांत चौचाकी ओढ हाताने जोडावी लागते, तीत कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडू नये. वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. मोकळ्या मातीवर चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते. डांबरावर तसे न झाल्याने सर्व ताण यंत्रणेवर येतो व दुरुस्तीचा खर्च ओढवतो.

खोल काळ्या चिखलात या ओढीचा भरवसा धरू नये. टायरच्या खाचांत चिकणमाती भरून चारही टायर गुळगुळीत होतात. दोन चाकांची गाडी कडेलाच अडते. चार चाकांची गाडी रानाच्या मध्यावर जाऊन अडते व तिला काढण्यास ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जादा ओढ ही अडचणीतून बाहेर येण्यासाठी राखून ठेवावी; अडचणीत शिरण्यासाठी वापरू नये.

टायर, उंची व कमानपाटे

जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची पाहताना सर्वांत खालचा भाग, म्हणजे बहुधा मागच्या आसाचा गोळा, कोठे आहे ते पाहावे. चाकोरीच्या मधला उंचवटा याच भागास लागतो. गाडी भरल्यावर ती दबते. म्हणून पोती लादून उंची पुन्हा मोजावी.

मोकळ्या वाळूत टायरातील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. पण रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेत वेगाने धावल्यास टायर तापून फुटण्याचा धोका असतो. गाडीत हवा भरण्याचा पंप, मजबूत दोरखंड, फावडे व दोन फळ्या बाळगाव्यात.

मागे कमानपाटे असलेल्या गाड्या ओझे चांगले वाहतात; मात्र रिकाम्या असताना अधिक आदळतात. गावातील कारागिरास कमानपाट्यांची दुरुस्ती जमते, हाही एक गुणच आहे. सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, हे खरेदीपूर्वी विचारावे. हंगामात सुट्या भागाची वाट पाहत दोन आठवडे उभी राहणारी गाडी कितीही उत्तम असली तरी शेतकऱ्याच्या कामाची नव्हे.

टायर मोठे करणे, सांगाडा उंचावणे यांसारखे फेरफार परस्पर करू नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. अपघात घडल्यास विम्याची भरपाईही त्यामुळे अडचणीत येऊ शकते. बागेत चालणारी लहान चौचाकी वाहने घ्यावयाची असल्यास, ती रस्त्यावर चालविण्यास नोंदणी मिळते किंवा नाही, हे परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

कोणत्या कामास कोणते वाहन?

गाव व वस्ती यांमधील वाट मुरमाची असेल आणि मुख्य काम फळे बाजारात नेण्याचे असेल, तर दोन चाकांच्या ओढीचा मालवाहू पिकअप पुरेसा होतो. त्याची किंमत व डिझेलचा खर्च कमी पडतो आणि माल अधिक बसतो.

रानातील अवजड ओढकाम ट्रॅक्टरचेच होय. ज्याच्या घरी ट्रॅक्टर व ट्रॉली आहे, त्याने पाण्याची टाकी किंवा उसाची मोळी ओढण्यासाठी जीप घेण्याचे कारण नाही. डाळिंबाच्या ओळींमधून फवारणीसाठी जावयाचे असेल, तर कमी रुंदीचा लहान ट्रॅक्टर जीपपेक्षा सरस ठरतो. यांत्रिकीकरणाच्या शासकीय योजनांचे अनुदान ट्रॅक्टर व अवजारे यांसाठी असते. जीपगाडीसाठी नसते, हेही लक्षात असावे.

हवेच्या टायरची बैलगाडी आजही कमी लेखू नये. घरी बैल असतील तर रानातून वस्तीपर्यंत कडबा व शेणखत वाहण्यास तिच्याइतके स्वस्त साधन नाही.

मग चौचाकी ओढीची गाडी कोणी घ्यावी? ज्याची वस्ती ओढ्यापलीकडे आहे, वाट चढउताराची व खडकाळ आहे, रोजचे दूध किंवा भाजीपाला पोहोचविणे भाग आहे आणि आजारी माणसास कोणत्याही दिवशी दवाखान्यात न्यावे लागेल अशी ज्याची स्थिती आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. त्यासही पुराचे पाणी वाहत्या ओढ्यात गाडी घालण्याची मुभा मिळत नाही. पाणी इंजिनाच्या हवेच्या मार्गात शिरले तर इंजिन मोडते, आणि वाहते पाणी गाडीस उचलून नेते. पाणी उतरेपर्यंत थांबणे हाच मार्ग होय.

हिशेब कसा करावा?

समजा, गाडीची किंमत १०,००,००० रुपये आहे आणि १० वर्षांनी ती ३,००,००० रुपयांस विकली जाईल. म्हणजे वार्षिक घसारा ७०,००० रुपये झाला. गुंतलेली सरासरी रक्कम ६,५०,००० रुपये धरून ९ टक्के दराने व्याज ५८,५०० रुपये होते. विमा व दुरुस्ती मिळून ४०,००० रुपये धरले, तर डिझेल व चालक सोडून वर्षाचा खर्च १,६८,५०० रुपये येतो.

ही गाडी वर्षातून १५० दिवस कामास लागली, तर दिवसास सुमारे १,१२३ रुपये पडतात. ६० दिवसच लागली, तर दिवसास सुमारे २,८०८ रुपये पडतात. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब मांडावा व त्याची तुलना गावातील भाड्याच्या दराशी करावी. भाडे स्वस्त पडत असल्यास दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून भाड्याने वाहन ठरविणे श्रेयस्कर.

वाट सुधारावी, बांध राखावा

पुष्कळ ठिकाणी गाडीपेक्षा वाट सुधारणे अधिक लाभाचे असते. पाणंदीवरील एकदोन चिबड जागी मुरूम टाकून व बाजूस चर काढून पाणी काढून दिले, तर साधे वाहनही बारमाही चालते आणि त्याचा लाभ साऱ्या शिवारास होतो. महाराष्ट्र शासनाने पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली होती. सध्या कोणती योजना लागू आहे, याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. शेतास वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार आहे.

गाडीने बांध ओलांडण्याची सवय मात्र घातक आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि पडलेले पाणी रानातच मुरविणे हे त्या शेतीचे मुख्य सूत्र राहिले आहे. जेथे चाक बांध चढते, तेथे तो खचतो. पुढच्या पावसात पाणी नेमके तेथूनच फुटते व ओघळ पडतो. उताराच्या दिशेने पडलेली चाकोरी पावसाळ्यात पाण्याचा पाट बनते. वाट शक्यतो समपातळीवरून न्यावी आणि बांध ओलांडणे अपरिहार्य असेल, तेथे दगडी पिचिंग करून एकच जागा कायम ठरवावी.

माळ आणि शिकार

आता शिकारीचा प्रश्न. सोलापूरच्या माळावर माळढोक, काळवीट व लांडगा यांची वस्ती होती. माळढोक हा जमिनीवर उघड्यावर अंडे घालणारा पक्षी असून मादी बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याची संख्या एकदा घटली की ती भरून निघणे दुष्कर असते. जीपमधून होणारी शिकार व कुरणांचा नाश ही देशभर त्याच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे ठरली.

१९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या परिसरात कुरणे राखली गेली, तेव्हा तेथे माळढोक पुन्हा दिसू लागले. १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्याच नान्नजला आज माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. काळवीट व लांडगे मात्र अजून आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे. शिकारीच्या गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन कलम ३९ नुसार शासनाच्या मालकीचे होते. क्षणाच्या हौसेपायी कर्जाची गाडी घालवून बसण्याची ही गोष्ट आहे. गाडीच्या टपावर शोधदिवे बसवून रात्री माळावर फिरणाऱ्या पाहुण्यांना आपली गाडी देऊ नये.

रानडुकरे व हरणे पिकाची नासाडी करतात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे व तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तिचा मार्ग मात्र वेगळा आहे. नुकसान होताच विलंब न लावता वन कार्यालयात अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा व नुकसानभरपाई मागावी. उपद्रव असह्य झाल्यास कायद्याने नेमलेला वन अधिकारी काही प्राण्यांबाबत लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीवाचून बंदूक, फासे किंवा विजेची तार वापरणे गुन्हा आहे. विजेच्या तारेने तर माणसेही दगावतात.

शिकार केली नाही तरी माळावर वाट सोडून गाडी हाकणे टाळावे. तेथे जमिनीवर माळटिटवी, चंडोल आदी पक्ष्यांची अंडी असतात. ती चाकाखाली सापडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय हलक्या जमिनीवरील पातळ माती व गवताची मुळे एकदा उखडली की गुरांच्या चाऱ्याचीही हानी होते.

खरेदीपूर्वी

विक्रेत्याने दाखविलेल्या डांबरी रस्त्यावर गाडीची परीक्षा होत नाही. ती आपल्या वाटेवर, नेहमीचे ओझे लादून व घरातील चालकाच्या हाती देऊन चालवून पाहावी. जुनी गाडी घेताना चौचाकी ओढ व मंद गिअर जोडून पाहावेत, कारण वर्षानुवर्षे न वापरल्याने ते अनेकदा जाम झालेले असतात. सांगाड्यास खालून गंज वा सांधकाम आहे काय, ते पाहावे आणि नोंदणीची कागदपत्रे परिवहन कार्यालयात पडताळून घ्यावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात कोणी वाहन घेण्याचा विचार करीत असल्यास त्याच्यासोबत एकदा वाट चालावी व वरील हिशेब मांडून द्यावा. कित्येकांना चार ब्रास मुरूम व एक साधा पिकअप पुरेल. काहींना चौचाकी ओढीवाचून गत्यंतर नसेल. दोघांनाही एक नियम सारखाच लागू आहे: पावसानंतर रानात पाय घालून पाहावा, माती पायास चिकटत असेल, तर गाडी पाणंदीवर उभी करून पुढे चालत जावे.